पुष्पिका नसलेला मजकूर



वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथील शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांवरून डॉ. हिरालाल जैन यांनी १९३०च्या दशकात अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. जुन्या पोथीच्या अखेरीस प्रत करणारा लेखनिक बहुधा पुष्पिकेत आपले नाव, स्थळ व तिथी नोंदवी, चुकीबद्दल क्षमाही मागे. दोष आढळला, तर तो कोणाच्या हातचा हे कळत असे.

मोबाइलवरून पुढे धाडलेल्या मजकुराला पुष्पिका नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अशाच निनावी अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. खरीपेक्षा खोटी बातमी पुढे धाडली जाण्याची शक्यता ७० टक्के अधिक आढळली. आणि हा फरक स्वयंचलित यंत्रणांमुळे नव्हे, माणसांमुळेच पडला होता.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ गणली आहे. व्यापाऱ्याला त्यावरून खोटी चोपडी तेवढी आठवते. ‘हे लिहिले दुसऱ्याने, केवळ पुढे पाठविले,’ असा बचाव आता घरोघरी ऐकू येतो. शास्त्रकारांनी मात्र कृत आणि कारित यांच्याच पंक्तीत अनुमोदनाही बसविली आहे.