मोटारीतील स्टिरिओ : विजेचे दोष व त्यांचा शोध



ग्वाल्हेरचे लष्कर हे दौलतराव शिंद्यांच्या १८१० सालच्या छावणीतून वाढलेले शहर. त्यातील दाना ओली हे नाव मराठी कानास परके वाटत नाही. नागपूरच्या इतवारीत जशी सराफा ओळी, तशी येथे दाण्याची ओली. अशा जुन्या पेठांची रचना पायी चालणाऱ्यांसाठी आणि टांग्यांसाठी झालेली असते. तेथे मोटारीला छपराखालची जागा क्वचितच लाभते. ग्वाल्हेरचा उन्हाळा पारा ४५ अंशांपर्यंत नेतो आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या आत त्याहूनही अधिक ताप साठतो. आजच्या विषयाशी या गोष्टीचा निकटचा संबंध आहे.

मोटारीत संगीत ऐकण्याची हौस नवी नाही. अमेरिकेतील गॅल्व्हिन बंधूंनी १९३० साली मोटारीतील रेडिओ बाजारात आणला आणि त्यास ‘मोटोरोला’ हे नाव दिले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट जगापुढे ठेवली व पुढे गाणे माणसाबरोबर प्रवास करू लागले. आज जीपगाडीत आणि शेतावरच्या ट्रॅक्टरवरही स्टिरिओ दिसतो. यंत्र पालटले, परंतु त्याला लागणारी वीज बॅटरीतूनच येते आणि बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून जोडणीत असते.

दाना ओलीतील एखाद्या गृहस्थाचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. त्याने हौसेने स्टिरिओ बसवून घेतला. आठ दिवसांनी मध्यरात्री घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत कळ आली. मोटारीची किल्ली फिरविली, तो इंजिन हूं की चूं करीना. बॅटरी उतरलेली होती. गाणे ऐकविणाऱ्या यंत्राने ऐन गरजेच्या वेळी मोटार अडवून धरली. हा प्रसंग कोणाही घरी ओढवू शकतो. म्हणूनच या विषयाकडे केवळ करमणुकीची बाब म्हणून पाहणे योग्य नव्हे.

बॅटरी का उतरते, हे प्रथम पाहू. आजच्या बहुतेक सेटना तीन प्रमुख वायरी असतात. पिवळी वायर बॅटरीला कायम जोडलेली असते. घड्याळ व निवडलेली केंद्रे ती स्मरणात ठेवते. तांबडी वायर किल्ली फिरविल्यावरच वीज घेते व सेट जागा करते. काळी वायर म्हणजे अर्थिंग. तांबडी वायरही कायमच्या विजेला जोडली गेली, तर सेट पुरता झोपत नाही. त्याने अर्धा अँपिअर जरी ओढला, तरी दहा तासांच्या रात्रीत पाच अँपिअर-तास वीज खर्च होते. पस्तीस अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीला चार-पाच रात्रींत थकविण्यास एवढे पुरे आहे. याउलट, पिवळी व तांबडी यांची अदलाबदल झाली, तर किल्ली काढताच सेट सारे विसरतो.

उतरण्याचा संशय आल्यास मोटार बंद करून, दारे लावून अर्धा तास थांबावे. नंतर बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवून मधे मल्टिमीटर जोडावा. पन्नास मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्यतः क्षम्य मानतात. त्याहून बराच अधिक आढळल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, त्या मार्गावर दोष आहे. मल्टिमीटर असा जोडलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

सेट मुळीच चालू होत नसेल, तर घाईने तो उघडू नये. आधी फ्यूज पाहावा. मग पिवळ्या वायरीवर सुमारे बारा व्होल्ट मिळतात का आणि किल्ली फिरविल्यावर तांबडीवरही तेवढेच मिळतात का, हे तपासावे. दोन्ही ठीक असल्यास अर्थिंगकडे वळावे. रंगावर किंवा गंजावर बसविलेला स्क्रू वीज नीट वाहू देत नाही. सेट मोठ्या आवाजात चालू असता काळी वायर व बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसला, तर अर्थिंग सदोष समजावे. पत्रा घासून उघडा करावा आणि वायर तेथे घट्ट बसवावी.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिटी ही दुसरी नेहमीची तक्रार. अशा वेळी एरियलची वायर काढून पाहावी. आवाज थांबला, तर तो एरियलवाटे येतो. एरियलचे अर्थिंग व प्लगच्या वायरी तपासाव्यात. मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकताना प्लगच्या ठिणगीची खरखर विशेष जाणवते. एरियल काढूनही शिटी राहिली, तर ती अल्टरनेटरकडून विजेच्या वायरीवाटे येते. अशा वेळी अर्थिंग सुधारावे. वेगळा अँप्लिफायर असल्यास विजेची जाड वायर मोटारीच्या एका बाजूने व आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने न्यावी.

स्पीकरच्या बाबतीत जुन्या सवयीने नव्या सेटचा घात होतो. पूर्वीच्या अनेक सेटमध्ये स्पीकरची एक वायर पत्र्याला जोडणे चालत असे. आजच्या बहुतेक सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. त्यांपैकी एक जरी पत्र्याला टेकली, तरी सेट बंद पडतो किंवा निकामी होतो. स्पीकर मुका वाटल्यास तो सेटपासून सोडवून त्याला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. ‘टक्’ असा आवाज आला, तर दोष वायरीत किंवा सेटमध्ये आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फ्यूज वारंवार उडू लागला की त्यावर सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची किंवा त्याजागी तार घालण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. फ्यूज हा वायरीचा राखणदार आहे. त्याला दूर केले, की उन्हाने कडक झालेले व पत्र्याच्या धारेवर घासलेले वेष्टन फाटताच सारी वायर निखाऱ्यासारखी तापते आणि मोटारीला आग लागते. यास्तव ठरविलेल्या क्षमतेचाच फ्यूज घालावा, पत्र्याच्या छिद्रात रबरी कडी बसवावी आणि सांधे टेपवर न सोडता डाख देऊन किंवा दाबून पक्के करावेत. उन्हात टेपचा चिकटपणा टिकत नाही.

काम करताना बॅटरीची ऋण वायर आधी सोडवावी व सर्वांत शेवटी जोडावी. एअरबॅगच्या वायरीही बहुधा पिवळ्या वेष्टनात असतात. स्टिअरिंगजवळच्या अशा वायरीला चाचणीचा दिवा कदापि लावू नये.

शिक्षकांनी ही साधी परीक्षा विद्यार्थ्यांना एक सेल, एक दिवा आणि दोन वायरी घेऊन दाखवावी. विजेचा मार्ग पूर्ण असावा लागतो, एवढे तत्त्व मुलांच्या मनात ठसले तरी पुष्कळ झाले. मोटार बाळगणाऱ्यांनी स्टिरिओ बसविल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा सकाळी बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. मग रात्रीबेरात्री किल्ली फिरविण्याची वेळ आली, तरी मोटार दगा देणार नाही.