स्पर्धेतील गायन आणि परीक्षकाचा कान



देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात त्याने गमकाचे १५ प्रकार सांगितले आहेत आणि गायकाचे २५ दोषही गणले आहेत. या दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या असता ‘कंपित’ हा एकच शब्द दोहोंतही आढळतो. गायकाने जाणून हलविलेला स्वर हा अलंकार होय. त्याच्या इच्छेविरुद्ध थरथरलेला स्वर हा दोष होय. कानाला मात्र दोन्ही वेळा कंपच ऐकू येतो. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत परीक्षकाला जो निवाडा करावा लागतो, तो मूलतः याच स्वरूपाचा असतो.

झी वाहिनीवर १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ सुरू झाले आणि अशा स्पर्धा भारतीय घराघरांत पोहोचल्या. २००४ मध्ये आलेल्या ‘इंडियन आयडॉल’ने प्रेक्षकांना दूरध्वनी व लघुसंदेशाद्वारे मत देण्याचा अधिकार दिला. तेव्हापासून परीक्षकाचा अभिप्राय स्पर्धकापुरता उरला नाही; कोणती गायकी उत्तम मानावी, हे ठरविताना लक्षावधी श्रोते त्याचा आधार घेऊ लागले.

स्पर्धेतील वेळ थोडा असतो आणि गीत बरेचदा कापून छोटे केलेले असते. रोशन यांनी भैरवीत बांधलेले, ‘दिल ही तो है’ (१९६३) या चित्रपटातील मन्ना डे यांचे ‘लागा चुनरी में दाग’ हे गीत स्पर्धकांचे विशेष आवडते आहे. त्याच्या अखेरीस तराणा येतो, आणि सारी तयारी बहुधा त्या तराण्यासाठीच राखून ठेवलेली असते. टाळ्याही तेथेच पडतात. वस्तुतः द्रुत तानेत पुष्कळ काही झाकले जाते. एखादा स्वर निसटला, दोन स्वर एकमेकांत मिसळले, तरी वेगामुळे ते सहसा कळत नाही. जाणकार परीक्षक तानेचा प्रत्येक दाणा सुटा पडतो की नाही हे पाहतो. त्याहून अधिक लक्ष तो आरंभीच्या संथ ओळींकडे देतो.

मदनमोहन यांच्या संगीतातील, लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘लग जा गले’ (‘वह कौन थी’, १९६४) घेतले तर आसरा घेण्यास वेगच उरत नाही. मींड कोठून निघाली आणि नेमकी कोठे टेकली, ओळीच्या शेवटी दमसास पुरला की शब्दच तुटला, हे सारे उघडे पडते. येथे पदरच्या मुरक्या व हरकती घालणाऱ्या स्पर्धकाची परीक्षा सोपी आहे: ती हरकत मनातल्या मनात काढून टाकावी आणि खालचा उघडा स्वर उभा राहतो का ते पाहावे. अनेकदा तो उभा राहत नाही, आणि हरकत का घातली गेली हेही मग समजते.

‘सूर हलला’ एवढे बोलून परीक्षक थांबला, तर सोळा-सतरा वर्षांचा स्पर्धक काहीच न शिकता घरी परततो. श्वास संपल्यामुळे खाली घसरलेला सूर वेगळा आणि तारसप्तकात गळा आवळल्याने चढलेला सूर वेगळा. पहिल्याला श्वासाची मेहनत हवी, दुसऱ्याला कदाचित खालची पट्टी पुरेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागलेला असेल तर त्याचा कंप वयाचा असतो. शार्ङ्गदेवाच्या कोणत्याच यादीत तो बसविता येत नाही. अशा मुलाला दोष देणे अन्यायाचे आहे, आणि खोटी स्तुती करून त्याला उंच पट्टीत गात ठेवणे त्याहून घातक.

प्रदेश बदलला की मापेही बदलतात. मल्याळममधील ‘आयडिया स्टार सिंगर’ या कार्यक्रमात ‘संगती’ हा शब्द परीक्षकांच्या तोंडी वारंवार येई. मूळ गीतातील एखादी संगती गळाली तर ती तेथे उणीव ठरे. कर्नाटक पद्धतीच्या तोडीतील गांधार आंदोलनाशिवाय तोडीचा वाटतच नाही. केवळ हिंदुस्तानी संगीतावर पोसलेल्या कानाला मात्र तो अस्थिर भासण्याचा संभव असतो. त्या संस्कारात वाढलेल्या गायिकेने हिंदी गीतातील ठहरावाचा स्वर सवयीने आंदोलित केला, तर तिला बेसूर म्हणणे चूक होईल. तो अलंकार तेथे अस्थानी आहे, असे तिला सांगावयास हवे.

शिवाय प्रेक्षक जे ऐकतात ते परीक्षकाने ऐकलेलेच असते असे नाही. ब्रिटनमधील ‘द एक्स फॅक्टर’च्या २०१० मधील प्रक्षेपणात काही स्पर्धकांचे आवाज यंत्राने दुरुस्त केल्याचे उघडकीस आले आणि प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. म्हणूनच आरंभीच्या निवडफेरीचे मोल मोठे आहे. तेथे वाद्यवृंद नसतो, प्रकाशझोत व टाळ्याही नसतात. एका खोलीत उमेदवार साथीशिवाय चार ओळी गातो, आणि त्याचा कंप अलंकाराचा आहे की भीतीचा, हे परीक्षकाला तेथे पुष्कळसे कळून चुकते.