मोत्याचा खाऊ

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कुत्र्याचा खाऊ हा काय रेडिओवर बोलायचा विषय आहे का, असं तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आलं असेल. मी मोत्यासाठी पपईच्या वड्या भाजते हे कळल्यावर आमच्या शेजारच्या काकूही हसल्या होत्या. म्हणाल्या, ‘बाई, उन्हाळ्यात इथं माणसांना टँकरची वाट बघावी लागते, अन् तुमच्या कुत्र्याला पपई!’ त्यांचं खोटं नव्हतं. धाराशिव जिल्हा काही सुबत्तेसाठी प्रसिद्ध नाही. तरीही मी आज हा विषय घेतला, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि तीच चूक आपल्या भागात कुणाच्याही घरी होऊ शकते.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात. दोन एकर द्राक्षबाग, थोडी ज्वारी, बांधावर दोन चिंचा आणि एक सीताफळ. बागेच्या राखणीला कुत्रा असायचाच. त्याच्यासाठी वेगळं काही शिजवायची रीत आमच्या लहानपणी नव्हती. उरलेली भाकरी ताकात कुस्करायची आणि दगडाच्या कुंडीत ओतायची. पण उपाशी ठेवायचं नाही, हेही तितकंच पक्कं. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा ‘कोरडी खाऊ नको रे’ म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपलेच. तेरच्या गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा आपल्या जिल्ह्यात पोराटोरांना ठाऊक आहे. मडकं पक्कं झाल्यावर नामदेव कुत्र्यामागे तूप घेऊन धावले, असं माझी आजी सांगायची. कुत्र्याच्या ताटात आपल्या ताटातलं चांगलं वाढावं, ही शिकवण माझ्यापर्यंत तिथून आली.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी द्राक्षाला भाव मिळेना, म्हणून आम्ही बेदाणा केला. बेदाणा म्हणजे घरात नुसती लगबग. द्राक्षं धुणं, द्रावणात बुडवणं, जाळ्यांवर वाळवणं, मग निवडणं. संध्याकाळी पडवीत बसून मी निवडत असे, आणि मोत्या शेजारी बसलेला असे. त्याला मी अधूनमधून चार-दोन दाणे टाकायची. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्या माणसाला आपण मनुका भिजवून देतो. मला वाटायचं, हा बिचारा रात्रभर बागेत फिरतो, याच्याही अंगात ताकद येऊ दे. एके दिवशी काळपट, चिरडलेला असा वाटीभर बेदाणा बाजूला निघाला. विकायचा नव्हता, टाकवतही नव्हता. मी तो दुधात घालून मोत्याला दिला. त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली.

रात्रीच त्याला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी अन्नाला तोंड लावेना, नुसता पडून राहिला. आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काय खाल्लं होतं?’ मी म्हणाले, ‘काही वावगं नाही डॉक्टर, घरचंच.’

श्रोतेहो, मी खोटं बोलले नव्हते. बेदाणा सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही. वाईट काय खाल्लं ते आपण सांगतो, चांगलं खाल्लेलं कोण सांगतं? डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली. पुन्हा नेलं, तेव्हा डॉक्टरांनी एकेक नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. उंदराचं औषध? चॉकलेट? फवारणीचं काही? द्राक्षं? मी म्हणाले, ‘द्राक्षं नाहीत, बेदाणे दिले होते. ते तर चांगलेच की.’ डॉक्टर जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हे परवा कळायला हवं होतं.’ सलाईन लावलं, पण मूत्रपिंडं निकामी झाली होती. पाचव्या दिवशी मोत्या गेला.

द्राक्षाच्या बागेत आयुष्य काढलं, पण द्राक्ष कुत्र्याला विषासमान ठरू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. नंतर विचारून, वाचून जे कळलं ते सांगते. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, याकडे अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००१ साली लक्ष वेधलं. पण का, हे वीस वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये एक धागा हाती लागला. लहान मुलांना खेळायला घरी मळलेला कणकेसारखा गोळा एका कुत्र्यानं खाल्ला आणि त्याला अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखाच त्रास झाला. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर नावाची पूड होती. ती टार्टारिक आम्लापासून बनते, आणि द्राक्षाच्या आंबटपणात हेच आम्ल मुख्य असतं. माणूस ते पचवतो. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मात्र ते बाहेर टाकणं जमत नाही, असं आता तज्ज्ञ मानतात.

यावर आमच्या गावातले शेतकरी म्हणतात, ‘आमचं कुत्रं तर बागेत पडलेली द्राक्षं वर्षानुवर्षं खातंय, त्याला काही झालं नाही.’ तेही खरं असेल. आम्लाचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे बदलतं, पिकण्याप्रमाणे बदलतं, आणि सगळी कुत्रीही सारखी नसतात. म्हणूनच धोका मोठा आहे. किती दाण्यांपर्यंत चालेल, याचं माप कुणीही देऊ शकत नाही. बेदाण्याचं तर आणखी अवघड. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे मी वाटीभर म्हणून दिलं, ते चार वाट्यांच्या बरोबरीचं होतं.

आणि हेच आम्ल आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. आपल्याकडे बांधाबांधावर चिंच आहे, आमटीत चिंच-गूळ आहे, आणि उरलेली आमटी भाकरीवर ओतून कुत्र्याला द्यायची सवयही आहे. चिंच खाऊन कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याची उदाहरणं पशुवैद्यांनी नोंदवली आहेत. तेव्हा चिंचेची आमटीही नको.

तीच गोष्ट कांद्या-लसणाची. कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो की शिजवलेला. आपल्याकडे अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आहे. खंडोबाबरोबर कुत्रा आलाच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि त्यातला घास कुत्र्याला दिला जातो. ही रीत मला फार आवडते, ती मोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. एवढंच सुचवीन की कुत्र्याच्या वाट्याचं भरीत कांदा-लसूण घालण्याआधी बाजूला काढावं. देवाला राग येणार नाही.

मग कुत्र्याला फळ द्यायचंच नाही का? तसं नाही. कुत्रा हा लांडग्याचा वंशज खरा, पण माणसाच्या उंबऱ्यावर राहून तो बदलला. २०१३ साली शास्त्रज्ञांनी दोघांचे जनुक ताडून पाहिले, तेव्हा पिठूळ अन्न पचवण्याची ताकद कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आढळली. आपली ताक-भाकर त्याच्या अंगी लागली ती उगाच नाही. त्याला गोडाची चवही कळते. मांजराला ती कळत नाही. म्हणूनच पपईची फोड दाखवली की कुत्रा शेपूट हलवतो आणि मांजर तोंड फिरवतं.

पहिल्या मोत्यानंतर वर्षभर आम्ही कुत्रा आणला नाही. मग नातवानं रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं आणि त्याचंही नाव मोत्याच ठेवलं. या दुसऱ्या मोत्यासाठी मी जे करते ते आता सांगते. कागद-पेन्सिल घ्यायची गरज नाही, इतकं सोपं आहे.

पहिली पपईची वडी. पिकलेल्या पपईची साल आणि सगळ्या बिया काढायच्या. एक वाटी गर हातानं कुस्करायचा आणि त्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ घालायचं. साधारण दोन वाट्या लागतं. पाण्याचा थेंब नको, गराचाच ओलावा पुरतो. गोळा घट्ट मळून पोळपाटावर भाकरीसारखा थापायचा, सुरीनं शंकरपाळ्यासारखे लहान तुकडे कापायचे आणि तव्यावर मंद आंचेवर दोन्ही बाजूंनी चांगले कोरडे होईपर्यंत भाजायचे. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, तेल-तूप नाही, सोडा नाही. आपल्याला ती वडी अळणी लागेल. लागू द्या, ती आपल्यासाठी नाही. कडक झाल्या तर चार-पाच दिवस टिकतात. मऊ राहिल्या तर दोन दिवसांत संपवाव्यात.

दुसरी केळ्याची चकती. पिकलेलं पण घट्ट केळं पातळ कापायचं, ताटात मांडून वर पातळ फडकं बांधायचं आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचं. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. सफरचंदाचंही असंच करता येतं, फक्त मधला कडक भाग आणि बिया काढून टाकायच्या.

तिसरा प्रकार उन्हाळ्यातला. कलिंगडाचा लाल गर, बिया काढून, बर्फाच्या साच्यात घालून गोठवायचा. एप्रिल-मेच्या दुपारी मोत्या तो तुकडा दोन पायांत धरून चाटत बसतो. पेरू असेल तर मधला बियांचा गाभा काढून चार फोडी चालतात. आंब्याचा गर थोडा चालतो, पण कोय कधीही देऊ नका. कुत्रं चावतं कमी आणि गिळतं जास्त. कोय आतड्यात अडकली तर पोट फाडून काढावी लागते. आणि सीताफळ आपल्या बालाघाटच्या डोंगरात कितीही पिकत असलं तरी ते कुत्र्यापासून दूरच बरं. त्याच्या बियांची पूड पूर्वी उवा मारायला वापरत, एवढं सांगितलं तरी पुरे.

आणखी दोन गोष्टी. खाऊ हा खाऊच राहावा, जेवण होऊ नये. दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा तो जास्त नको. आमच्या मोत्याला दिवसाला चार-पाच लहान वड्या पुरतात. नवीन फळ पहिल्यांदा एक तुकडा द्यावं, दुसऱ्या दिवशी पोट ठीक असेल तर पुढं. मधुमेह झालेल्या कुत्र्याला किंवा दूध पिणाऱ्या पिल्लाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय फळ नकोच. चॉकलेट आणि शुगर-फ्री म्हणून मिळणारे गोड पदार्थही नकोत. त्यांतल्या काहींत झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला फार लवकर घातक ठरतं.

आणि चुकून द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेच तर? काही होतं का बघू, म्हणून थांबू नका. त्रास दिसायला अर्धा दिवस ते एक दिवसही लागतो, आणि तेवढ्यात हातची वेळ निघून जाते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, त्यानं आणखी अपाय होतो. सरळ डॉक्टर गाठा. लवकर गेलात तर ते औषधानं उलटी काढतात, सलाईन देऊन मूत्रपिंडं सांभाळतात, आणि पुष्कळ कुत्री वाचतात. डॉक्टरांनी ‘काय खाल्लं’ विचारलं तर दोन दिवसांतलं सगळं सांगा. देवाचा प्रसाद सांगा, सणाचं पक्वान्न सांगा. ‘घरचंच’ एवढं उत्तर देऊ नका.

शेवटी काकूंचं सांगते, कारण सुरुवात त्यांच्यापासून केली होती. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. संध्याकाळी त्या शिऱ्याचे दोन द्रोण घेऊन आल्या. एक आमच्यासाठी, एक मोत्यासाठी. मोत्याच्या द्रोणातला एकेक बेदाणा त्यांनी वेचून काढला होता. बेदाण्याबरोबर शिजलेला, साखर घातलेला शिरा मी मोत्याला दिला नाही, तेवढा धोका आता माझ्यानं घेववत नाही. त्याला दोन वड्या दिल्या आणि शिरा आम्ही खाल्ला. पण हसणाऱ्या काकू चष्मा लावून कुत्र्यासाठी बेदाणे वेचत बसल्या, हे पाहून मला बरं वाटलं. तुम्हीही आज घरी गोडाचं काही करत असाल, तर बेदाणे घालण्याआधी दारात कोण बसलंय ते एकदा बघा.

नमस्कार.