शाळा, चर्च आणि घर

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही आपल्या धर्मग्रामाचे ऋणी आहों. अशा वेळीं गतकाळाचा गौरव करण्याचा प्रघात आहे व तो योग्यहि आहे. परंतु आम्ही पडलों शिक्षक. वर्गांत जें चुकलें तें फळ्यावर मांडून दाखविण्याची आमची खोड जात नाहीं. म्हणून आज आमचीच एक चूक आम्ही आपणांपुढें मांडणार आहों. तिच्यांत आपलाहि थोडा वांटा आहे, असें नम्रपणें सांगावेंसें वाटतें.

गेल्या प्रायश्चित्तकाळांतील एका रविवारीं मिस्सेनंतर आम्ही धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होतों. धडा चौथ्या आज्ञेचा, म्हणजे आईबापांचा मान राखण्याविषयींचा होता. धडा संपल्यावर, कोणास कांहीं विचारावयाचें आहे काय, असें आम्हीं विचारलें. मागच्या रांगेंतून आमचीच धाकटी मुलगी उठून उभी राहिली. वर्गांत ती इतर मुलांप्रमाणें आम्हांस "सर" म्हणते. ती म्हणाली, "सर, आज जेवायला घरीं याल का? आईची दुपारची पाळी आहे." मुलें हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण आम्ही दुपारीं घरीं जाणार नव्हतों. वर्गानंतर गायनमंडळाची तालीम होती, आणि तालमीनंतर याच महोत्सवाच्या एका समितीची बैठक होती.

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या परिसरांत राहणाऱ्यांस हा प्रसंग नवलाचा वाटणार नाहीं. कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतींत दिवस सूर्यावर चालत नाहीं, पाळीवर चालतो. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें रविवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस धरला खरा. परंतु त्याच्या आधींच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी देण्याची मुभाहि ठेविली. त्यामुळें एकाच घरांतील दोघांचा रविवार एकाच दिवशीं येईल, अशी शाश्वती राहिली नाहीं. आमची पत्नी येथील एका कारखान्यांत पाळीनें कामास जाते. तिच्या सुटीशीं आमच्या सुटीची गांठ क्वचित् पडते.

शाळेचें घड्याळ निराळें. बालकांच्या शिक्षणहक्काचा जो कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, त्यानें पहिली ते आठवीच्या शिक्षकाचा आठवडा, पाठांची तयारी धरून, किमान ४५ तासांचा ठरविला. त्याच कायद्यानें शिक्षकाच्या वेळेस एक कुंपणहि घातलें : जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षणेतर कामास त्यास जुंपूं नये. सरकारासहि असें कुंपण घालावेंसें वाटलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तिसरें घड्याळ आपल्या चर्चचें, आणि त्यास मात्र कुंपण नाहीं. धर्मशिक्षण, गायनमंडळ, वाचकांची यादी, नाताळचें नाटक, तरुणांचें मंडळ, अर्ज व पत्रें लिहिणें, पाहुण्यांचें स्वागत, हीं सारीं कामें "मास्तर आहेत ना!" या तीन शब्दांत एकाच माणसाच्या हातीं येतात.

यांत कोणाचाहि वाईट हेतु नाहीं, हें आम्ही जाणतों. शिक्षकावर असा भार टाकण्याची रीत आपणांकडे फार जुनी आहे. गोव्यांत सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयानें गांवोगांव शाळा निघाल्या. तेथील मेस्त मुलांस अक्षरें व प्रार्थना शिकवी, स्वरलिपि व व्हायोलिन शिकवी, आणि रविवारीं तोच गायकवृंद चालवी. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघी धर्मगुरूंनीं काम आरंभिलें, तेव्हां धर्मगुरूंस प्रत्येक खेड्यांत नित्य राहणें शक्य नव्हतें. दिवसा शाळा चालविणारा मास्तरच सायंकाळीं लोकांस प्रार्थनेस बसवी. त्या मास्तरांवांचून महाराष्ट्रांतील कित्येक धर्मग्राम उभेच राहिले नसते. आपल्या या कागलाचा वारसाहि शिक्षणाचाच आहे. येथील घाटगे घराण्यांतून १८८४ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. अशा भूमींत शिक्षकास मान मिळावा व मानाबरोबर ओझेंहि मिळावें, हें स्वाभाविकच आहे.

परंतु एक भेद आपल्या ध्यानांतून निसटला आहे. त्या जुन्या मास्तराची शाळा, त्याचें प्रार्थनामंदिर आणि त्याचें घर हीं बहुधा एकाच गांवांत, पुष्कळदां एकाच अंगणांत असत. तो वर्ग घेत असतां त्याचें मूल उंबऱ्यावर खेळे. तालीम चालू असतां पत्नीची हांक त्यास ऐकूं येई. आज शाळा एका गांवीं, चर्च दुसरीकडे आणि बिऱ्हाड तिसरीकडे. मधली वाट हमरस्त्याच्या गर्दीची. अंगण नाहीसें झालें, पण अंगणाच्या काळांतील अपेक्षा मात्र तशीच राहिली. आमच्या मतें साऱ्या ओढाताणीचें मूळ येथें आहे.

कोणी म्हणेल कीं, मास्तर, सेवा म्हटली म्हणजे क्रूस आलाच. हें आम्हांस मान्य आहे. पण आपला क्रूस आपण वाहावा. न विचारतां तो लेकराच्या खांद्यावर ठेवणें ही सेवा नव्हे. आम्ही आजवर जी सेवा केली तिच्याबद्दल आपण आमचा सत्कार केलात. वास्तविक त्या सेवेची किंमत तिघांनीं भरली : आमच्या पत्नीनें व दोन मुलांनीं. त्यांचीं नांवें कोणत्याहि अहवालांत आलीं नाहींत.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायांतील कथा आपणांस ठाऊक आहे. मोशेचा सासरा इथ्रो रानांत त्याच्या भेटीस आला. येतांना त्यानें मोशेची पत्नी व दोन मुलगे यांस बरोबर आणिलें होतें. दुसऱ्या दिवशीं त्यानें पाहिलें, तों मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत लोकांचे वाद ऐकत बसलेला. इथ्रोनें त्याची स्तुति केली नाहीं. हें बरें नव्हे, यानें तूंहि थकशील व लोकहि थकतील, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर योग्य माणसें नेमून काम वांटण्याचा मार्ग दाखविला. मोशेनें तें ऐकलें. देवानें निवडलेल्या पुरुषास जें एकट्यानें झेपलें नाहीं, तें एका मास्तरास झेपावें असा आग्रह आपण कां धरावा?

ख्रिस्तसभेनेंहि या बाबतींत आपणांस वाट दाखविली आहे. १० मे २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं धर्मशिक्षकाचें कार्य हें प्रापंचिकांची एक स्वतंत्र सेवा म्हणून स्थापित केलें. याचा अर्थ असा कीं, धर्मशिक्षण हें शाळामास्तराच्या उरलेल्या वेळांतलें काम नव्हे. तें एक पाचारण आहे. त्यासाठीं योग्य माणसें हेरावीं लागतात व त्यांस तयार करावें लागतें.

म्हणून महोत्सवाची भेट म्हणून आम्ही आपणांकडे चार गोष्टी मागतों. पहिली, कोणाहि एका माणसाकडे एका वर्षीं एकच सेवा द्यावी. दुसरी, धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गास भिन्न पाळ्यांचे दोघेजण नेमावे. एक कामावर असला कीं दुसरा वर्ग घेईल. आपल्यांत मालाचा चोख हिशेब ठेवणारे आहेत, परिचारिका आहेत, यंत्रें दुरुस्त करणारे आहेत, सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. खडू हातीं धरणाऱ्यासच शिकवितां येतें, हा समज सोडावा. तिसरी, महिन्यांतून एका रविवारीं मिस्सेनंतर तालीम किंवा बैठक ठेवूं नये. तो दिवस घरांचा असावा. चौथी मागणी आपणांकडे नाहीं, आमच्यासारख्या शिक्षकांकडे आहे : "हें मला जमणार नाहीं," असें म्हणण्यास आपण शिकावें. आमच्यावांचून काम अडतें ही भावना आम्हांस गोड वाटत होती, हें आज कबूल केलेंच पाहिजे. तिला आम्ही सेवा म्हणत होतों. तिच्यांत अहंकारहि होता.

त्या रविवारीं आम्ही घरीं गेलों नाहीं. मुलगी शेजाऱ्यांकडे जेवली. पण पुढच्या आठवड्यांत आम्हीं गायनमंडळाची वही एका तरुण भगिनीच्या हातीं दिली. ती येथील एका कारखान्याच्या कचेरींत काम करते. पहिल्या रविवारीं सूर थोडे घसरले. आज सकाळीं महोत्सवाच्या मिस्सेंत जें गायन आपण ऐकलें, तें तिनेंच बसविलें होतें. आमच्या हातीं असतां तें इतकें सुरेल कधीं झालें नव्हतें, हें आपण जाणतांच.

नाझरेथच्या घरांत प्रभु येशू वाढला, तेव्हां योसेफाचें काम व पवित्र मारियेचा संसार एकमेकांपासून दूर नव्हता. आपलीं कामें दूर गेलीं. मनें तरी घराकडे वळावीं, आणि या धर्मग्रामांतील प्रत्येक लेकरास रविवारीं आपल्या आईबापांच्या पंक्तीस बसतां यावें, हीच प्रभुचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों. आजची बैठक आम्ही चुकविणार आहों. घरीं जेवण वाढून ठेविलें आहे.