गंध आणि गुंगी



अक्कलकोट रोड एमआयडीसीत, जिथे दिवसपाळी नि रातपाळी मागांचा खडखडाट चालू असतो, तिथे गांजावर बोलावे की नाही ह्याचा आम्ही थोडा विचार केला. परंतु हल्ली एक युक्तिवाद कानांवर येतो: गांजाचा वास ज्या द्रव्यांचा, तीच द्रव्ये मसाल्याच्या डब्यात आहेत, मग त्यात वाईट ते काय? ह्या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे, आणि म्हणूनच उत्तरार्ध तपासावा लागतो.

गांजाच्या तुऱ्यावर बारीक ग्रंथी असतात. त्यांत राळ साठते आणि तिच्यासोबत टर्पीन जातीची, हवेत चटकन उडणारी द्रव्ये. त्यांपैकी लिनालूल धन्यात आहे, कॅरिओफायलीन मिऱ्यांत व लवंगेत, लिमोनीन संत्र्याच्या सालीत, मायरसीन आंब्याच्या चिकात. आपल्याकडे काळा मसाला भाजताना ह्यांतली दोनतीन तरी घरभर दरवळतात, आणि तेवढ्याने कोणास नशा चढल्याचे ऐकिवात नाही! नशा आणणारे द्रव्य निराळे. ते टीएचसी. १९६४ साली इस्राएलमध्ये मेकूलम व गाओनी ह्यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. काही जातींच्या गांजाला जो उग्र दर्प येतो, तोही मुख्यतः टर्पिनांचा नसून गंधकयुक्त द्रव्यांचा, असे २०२१ साली दिसून आले.

मग ही सुगंधी द्रव्ये नुसती शोभेची काय? तसेही नाही. कॅरिओफायलीन शरीरातील सीबी-२ नावाच्या ग्राहकाला चिकटते, हे २००८ साली दाखविले गेले. हा ग्राहक प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवर असतो. त्यामुळे उंदरांत सूज उतरली, गुंगी आली नाही. माणसांवरचे प्रयोग मात्र फार थोडे. त्यांतला एक २०२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. वीस निरोगी माणसांना टीएचसीच्या वाफेबरोबर लिमोनीन दिले. मात्रा वाढविली तसतशी टीएचसीने वाटणारी धास्ती उतरली. परंतु बुद्धीच्या कसोट्यांवर जो परिणाम व्हायचा तो झालाच.

आमचे घोडे अडते ते इथे. मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याला धास्ती ही एक राखण असते. ती गेली आणि हात मात्र मंदच राहिला, तर त्याला सुगंधाचा गुण म्हणावे काय? बाजारात ‘अमुक वासाचा माल सौम्य’ म्हणून जे सांगतात, त्यांना हे विचारावे. कायदा तर वास विचारतच नाही. १९८५ च्या कायद्याने फुललेला अथवा फळ धरलेला शेंडा म्हणजे गांजा, मग तो लिंबासारखा दरवळो की कुजक्या कांद्यासारखा.

कारखानदार मंडळी समोर बसली आहेत, त्यांना एक विनंती. नुसता वास हुंगून कुणा कामगाराला दाराबाहेर काढू नका. दर्प शेजारच्याच्या सदऱ्यालाही चिकटतो. त्याला मागापासून बाजूला बसवा, डॉक्टरांना दाखवा, आणि तो सलग किती रातपाळ्या करतो आहे हे हजेरीच्या वहीत पाहा.