मेक्सिकोच्या लहान गावांतून
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपुढे न गेलेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही. परंतु माझी कन्या सध्या मेक्सिको देशात उच्च शिक्षण घेत असल्यामुळे, तिच्या पत्रांतून जे कळले ते आपणांपुढे मांडावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून उभा आहे.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. तिने मेक्सिकोचे नाव काढले तेव्हा मी कडाडून विरोध केला. ‘‘विलायत सोडून त्या मुलखात कोण शिकावयास जातो?’’ असे म्हणालो आणि महिनाभर तिच्याशी बोललो नाही. छत्तीस वर्षे मुलांना भूगोल शिकविला. पण मेक्सिकोविषयी राजधानीच्या नावापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हते. अज्ञानाला अभिमानाची जोड मिळाली म्हणजे माणूस किती निष्ठुर होतो, याचा हा दाखला समजावा.

सुटी मिळाली की ती राजधानी सोडून लहान गावांची वाट धरते. मिचोआकान प्रांतात पात्स्क्वारो नावाचे सरोवर असून त्याच्या काठी पुरेपेचा लोकांची जुनी गावे आहेत. सोळाव्या शतकात वास्को दे किरोगा नावाच्या बिशपांनी या भागातील गावांना निरनिराळे हस्तव्यवसाय लावून दिले, अशी तेथील परंपरा सांगते. आजही सांता क्लारा देल कोब्रे हे गाव तांब्याची भांडी घडविते, तर पाराचो गिटारींसाठी नावाजलेले आहे. सांता क्लारातील हातोड्यांचा नाद ऐकून तिला पुण्याच्या तांबट आळीची आठवण झाली.

तेथील स्वयंपाकघरही तिने जवळून पाहिले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात आणि त्याच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजतात. चुन्यामुळे टरफल सुटते आणि धान्यातील पोषक अंश अंगी लागतो. वाटण्याचा दगड म्हणजे जणू तीन पायांचा पाटाच! आपल्या ठेच्यातील मिरची आणि दसऱ्याच्या तोरणातील झेंडू, ही दोन्ही मूळची त्याच भूमीतली, हे मला या वयात कळले.

मग ती राजधानीजवळच्या चापिंगो येथे गेली. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी 1924 नंतर तेथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालविल्या. 1967 साली त्यांचे नागपुरास निधन झाले. ज्या मुलखाला मी नाक मुरडले, तेथे आपला एक मराठी माणूस माझ्या जन्मापूर्वीच गुरुजी होऊन गेला होता!

आता शेवटची गोष्ट. नोव्हेंबरच्या 1 व 2 तारखांस तेथे मृतांचे दिवस पाळतात. घरी झेंडूच्या फुलांची आरास करून दिवंगतांची छायाचित्रे मांडतात, धूप जाळतात आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. सरोवराकाठच्या गावांत तर रात्रभर मेणबत्त्या लावून कुटुंबे स्मशानभूमीत बसतात. हिच्या आईला जाऊन चार वर्षे झाली. हे कळताच घरधनीणबाईंनी आपल्या माणसांच्या पंक्तीत तिच्या आईच्या छायाचित्रालाही जागा दिली आणि विचारले, ‘‘तिला काय आवडत असे?’’ मुलीने चहाचा एक पेला करून तेथे ठेवला.

दर पितृपक्षात पान वाढताना, दूर गेलेली मुलगी आईला विसरली, असे मी मनात म्हणत असे. ते पत्र वाचले त्या रात्री मी तिला फोन केला. ‘‘बाळ, माझे चुकले,’’ एवढेच बोलता आले.

बंधुभगिनींनो, उद्या एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या विद्यार्थी निधीकडे अपरिचित देशाचे नाव घेऊन येईल. त्या वेळी देश किती मोठा हे न विचारता, तेथे काय शिकणार, हे विचारावे. आणि परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांस माझे सांगणे एवढेच की, तेथील भाषा शिका, लहान गावांत जा, चुलीपाशी बसा. जाण्यापूर्वी आपल्या आजीजवळही घटकाभर बसून घरच्या चालीरीती लिहून घ्या. आपले काही जवळ असेल, तरच दुसऱ्याच्या आरासीत ठेवता येईल.