कपाटात कोणती पुस्तकं ठेवायची?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच्या वक्त्यांनी तुम्हाला हसवलं, थोडं रडवलंही. आता मी उभी राहून हिशेब सांगणार. शाळेतही सहलीची वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडेच असायचं, त्यामुळे तुम्हाला सवय आहे. तरी ऐका, कारण पैसे तुमचेच आहेत.

स्पर्धा परीक्षा आणि व्यावसायिक शिक्षणाच्या पुस्तकांचं एक कपाट शाळेला द्यायचं, असं आपण तुकडीने मिळून ठरवलं. कपाट आलंसुद्धा. ग्रंथालयाच्या दाराजवळ काचा लावून उभं आहे, रिकामं. पुस्तकांसाठी एका विक्रेत्याकडून कोटेशन मागवलं. त्यात विषय, नग, किंमत आणि सवलत असे चार रकाने होते. 'पोलीस भरती संच, ५ नग. नीट संच, ५ नग. कॉम्प्युटर संच, ३ नग.' लेखकाचं नाव नाही, आवृत्तीचं साल नाही. किराण्याची यादीसुद्धा आपण याहून बारकाईने करतो, तांदूळ कोणता ते तरी लिहितो. समितीने ती यादी 'तू इंजिनिअर आहेस, एकदा नजर टाक' म्हणून माझ्याकडे पाठवली. इंजिनिअरला पोलीस भरतीचं पुस्तक कळतं, असा आपल्याकडे एक समज आहे. मला कळत नाही. मला सॉफ्टवेअरमधलं थोडंफार कळतं, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली.

त्या संचातलं सी भाषेचं गाइड मागवून घेतलं. पहिल्या पानापासून वाचत बसले नाही. ज्या दोन गोष्टी मला पक्क्या माहीत आहेत, ती दोन पानं उघडली.

पहिला प्रश्न: पूर्णांक साठवणाऱ्या 'इंट' या प्रकाराला किती जागा लागते? गाइडचं उत्तर ठळक अक्षरात, एका ओळीत: दोन बाइट. आपल्याकडच्या कॉलेजांत टर्बो सी नावाचा कंपायलर वर्षानुवर्षं चालला. त्याच्यापुरतं हे उत्तर बरोबर होतं. आजच्या लॅपटॉपवर बहुधा चार बाइट येतील. पण खरं उत्तर दोन नाही आणि चारही नाही. ते यंत्रावर आणि कंपायलरवर अवलंबून असतं. भाषेचा नियम फक्त किमान मर्यादा घालून देतो. सी भाषा घडवणारे डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन यांचं १९७८ चं पुस्तक आहे. त्यात चार वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकार तक्ता करून दिले आहेत. म्हणजे ही गोष्ट आपण शाळेत जायच्या आधीपासून छापलेली आहे.

दुसरा प्रश्न गाइडवाल्यांचा फार लाडका. 'आय'ची किंमत पाच आहे, तर 'आय प्लस प्लस' अधिक 'प्लस प्लस आय' किती? गाइड म्हणतं बारा, आणि बारा कसे आले ते पायऱ्या पाडून समजावतं. गंमत अशी की एकाच राशीत तोच चल असा दोनदा बदलला, तर काय व्हावं हे सी भाषेने ठरवलेलंच नाही. कंपायलर बारा देईल, तेरा देईल, काहीही देईल. मी नोकरीच्या मुलाखती घेते. मुलं हा प्रश्न ऐकला की क्षणात 'बारा' म्हणतात, चेहऱ्यावर आनंद असतो. कधीतरी एखादी मुलगी जरा थांबून म्हणते, 'मॅडम, असं लिहूच नये, याचं उत्तर ठरलेलं नाही.' मग माझी मुलाखत खरी सुरू होते.

लक्षात घ्या, ही छपाईची चूक नाही. 'अवलंबून आहे' हे दोन शब्द गाइडने गाळले आणि उत्तर एका ओळीत बसवलं. कुठल्याही विषयाचं पुस्तक हातात घेतलं की मी आता हेच बघते: आपलं उत्तर कशावर अवलंबून आहे आणि कुठे लागू पडत नाही, हे ते सांगतं का?

मग वाटलं, आपल्या तुकडीत काय कमी माणसं आहेत? कोटेशनमधल्या बाकीच्या पुस्तकांच्या काही पानांचे फोटो मिळवले आणि आपल्या ग्रुपवर टाकले. 'पुस्तक वाचू नका, फक्त आपल्या धंद्यातलं एक पान तपासा,' असं लिहिलं. सुप्रभातचे फुलवाले फोटो दोन दिवस बंद झाले, हा पहिला फायदा.

आपल्या वकील मैत्रिणीने पोलीस भरतीच्या गाइडमधलं कायद्याचं पान दहा मिनिटांत परत पाठवलं. वर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'हे पान इतिहासाच्या पुस्तकात घाला.' खुनाला कलम ३०२, फसवणुकीला ४२०. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि 'चारसोबीस' गेली कलम ३१८ मध्ये. तिने वर हेही सांगितलं की त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांनीच चालतात, म्हणून चांगल्या पुस्तकात दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी हवेत. बघा, इथेही 'कशावर अवलंबून' आलंच. या गाइडच्या मुखपृष्ठावर मात्र 'नवीन सुधारित आवृत्ती' असं सोनेरी अक्षरात छापलंय.

द्राक्षवाल्या मित्राचं उत्तर रात्री अकराला आलं, फवारणी उरकून. द्राक्षशेतीच्या पुस्तकात फवारणीचं वेळापत्रक तारखेने दिलं होतं. अमुक तारखेला हे औषध, तमुक तारखेला ते. तो म्हणाला, 'माझी फळछाटणी ८ ऑक्टोबरला झाली, शेजाऱ्याची वीस दिवस आधी. नोव्हेंबरात दोघांच्या वेली एकाच अवस्थेत असतील का? आम्ही छाटणीनंतरचे दिवस मोजतो, तारीख नाही.' शिवाय औषधांची नावं छापून ठेवणं त्याला पटलं नाही. निर्यातीच्या मालात औषधांचे अंश तपासतात, कोणती औषधं चालतील याची यादी बदलत राहते आणि ती मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून घ्यावी लागते. पण त्याच पुस्तकातलं मुळांचं आणि पाण्याचं प्रकरण त्याला इतकं आवडलं की त्याने पुस्तक परत दिलेलं नाही. त्याच्याकडे बघून मी हे मुद्दाम मोठ्याने सांगते आहे.

त्यावरून ध्यानात आलं की एकाच पुस्तकात लवकर नासणारा भाग आणि टिकणारा भाग शेजारी असतात. दूध आणि लोणचं एकाच फळीवर ठेवल्यासारखं.

काही पुस्तकं अशी होती की ज्यांतला जाणकार आपल्यात कोणी नाही. तिथे मी वरवरच्या खुणा वापरल्या. मुखपृष्ठ सोडून श्रेयनामावलीचं पान बघितलं. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत फरक असतो. नऊ पुनर्मुद्रणं झाली म्हणजे नऊ वेळा सुधारलं असं नाही. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात महाराष्ट्राचे जिल्हे शोधले. ३५ असतील तर पुस्तक १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं, कारण त्या दिवशी पालघर झाला. अभिजात भाषांच्या यादीत मराठी नसेल, तर ते ऑक्टोबर २०२४ च्या आधीचं. विज्ञानात किलोग्रॅमची व्याख्या बघितली. पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा ठोकळा हीच व्याख्या दिली असेल, तर लेखकाने २० मे २०१९ नंतर ते पान उघडलेलं नाही. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचे तीन जाडजूड वस्तुनिष्ठ प्रश्नसंच यादीत होते. ती परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्या तीन खंडांचा भाव काय होता ते मी सांगत नाही, जेवण व्हायचं आहे.

आता दुसरी बाजू. आपल्यातला एक जण क्लास चालवतो. माझं हे सगळं ऐकून तो चिडला आणि त्याचं म्हणणं निम्मं तरी बरोबर आहे. तो म्हणाला, 'तुम्ही पुण्या-मुंबईला जाऊन इंग्रजी ग्रंथ वाचता आणि इथे येऊन गाइडला नावं ठेवता. आपल्या पोराला मराठीत दुसरं काय मिळतं?' हा प्रश्न मला झोंबला, कारण आपण सगळे मराठी माध्यमातले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी जाड परदेशी पुस्तकातलं एक पान शब्दकोश घेऊन वाचायला मला तास लागायचा. तेव्हा आम्ही ज्यांना 'लोकल ऑथर' म्हणायचो, त्या प्राध्यापकांच्या साध्या इंग्रजीतल्या पुस्तकांनी आधार दिला. त्यांच्यामुळे आपण पुढे गेलो, जाड पुस्तकांपर्यंत पोचलो. तेव्हा प्रतिष्ठेसाठी चार इंग्रजी ग्रंथ आणून काचेआड ठेवणं मला शिळ्या गाइडइतकंच निरुपयोगी वाटतं. ज्याला कोणी हात लावत नाही, ते पुस्तक कितीही थोर असो, या कपाटात त्याचा उपयोग शून्य.

पण त्याच्या बोलण्याचा उरलेला अर्धा भाग मला मान्य नाही. 'मुलांना अपेक्षित प्रश्नच हवे असतात,' असं तो म्हणतो. फेब्रुवारीत हवे असतात, कबूल. जूनमध्येही तेच दिले, तर मूल विषयात शिरतच नाही. आपले भूमितीचे सर आठवा. सर इथे समोर बसले आहेत. व्यवसायमालेतला त्रिकोण नेहमी पाया खाली ठेवून काढलेला असायचा, अ-ब-क. सर फळ्यावर तोच त्रिकोण डोक्यावर उभा करायचे आणि नावं द्यायचे प-फ-र. निम्मा वर्ग गारद. ज्यांनी सिद्धता समजून घेतली होती, ते शांतपणे मान वाकडी करून सोडवायचे. गाइड बरं की वाईट हे ठरवताना मी अजून सरांचाच त्रिकोण वापरते. उत्तर वाचून झाल्यावर प्रश्न थोडा फिरवायचा आणि पुस्तक मिटून तो सुटतो का बघायचं. जी गाइडं बरोबर पर्याय का बरोबर हे सांगतातच, शिवाय उरलेले तीन का चूक तेही सांगतात, त्यांच्यातून असा फिरवलेला प्रश्न सुटतो. मिळाली तर ती जरूर घेऊ. यादीत तशी दोन सापडली, दोन्ही मराठीत आणि दोन्ही स्वस्त.

हे मी एवढं लावून का धरते आहे? शहरातल्या मुलाच्या हाती खराब गाइड पडलं, तर तो अप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरं घेतो, मित्राचं बघतो, चूक पकडली जाते. आपल्या शाळेतल्या वसतिगृहाच्या मुलीला हेच एक कपाट आहे. त्यात ३०२ लिहिलं असेल, तर ती ३०२ पाठ करून परीक्षेला जाईल, आणि निकाल लागल्यावर मार्क कशामुळे गेले हे तिला कधी कळणारही नाही.

तर समितीपुढे मी काय ठेवलंय ते सांगते. कोटेशन रद्द करावं. प्रश्नसंच विकत घेऊ नयेत. आयोगाच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका फुकट आहेत, त्या झेरॉक्स काढून बाइंडिंग करून घ्याव्यात. पाठ्यपुस्तकांचे पूर्ण संच मात्र छापीलच हवेत. बालभारतीची पुस्तकं फोनवर मोफत मिळतात हे खरं, पण वसतिगृहात फोन नसतो. प्रत्येक विषयाला पुस्तकांची जोडी असावी: एक मराठीतलं, आत शिरायला सोपं, एक खोलात नेणारं, इंग्रजी असलं तरी चालेल. आणि सगळे पैसे यंदा खर्च करू नयेत. तिसरा हिस्सा पुढच्या दोन वर्षांसाठी राखावा, कारण यातली निम्मी पुस्तकं दूध आहेत, लोणचं नव्हे.

आणखी एक. संगणकशास्त्रातले ज्येष्ठ लेखक डोनाल्ड क्नुथ आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवून देणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस देत आले आहेत. आपणही प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवू. चूक सापडली की विद्यार्थ्याने ती तिथे लिहायची, संबंधित बाईंनी किंवा सरांनी तपासायची, आणि बरोबर निघाली तर आपल्यातर्फे एक चांगलं शाईचं पेन. पेनांचा खर्च माझा. मुख्याध्यापिका बाईंनी याला परवानगी दिली आहे, फक्त 'पाठ्यपुस्तकातल्या चुका शोधायला लावू नका, पेनं पुरणार नाहीत' असं त्या म्हणाल्या.

पुस्तकांची नवी यादी ग्रंथालयातल्या लांब टेबलावर ठेवली आहे. जेवणानंतर अर्धा तास ग्रंथालय उघडं राहील. ज्यांनी आपलं पान अजून तपासून दिलेलं नाही, त्यांची नावं मी इथून वाचणार नाही. ती रिकाम्या कपाटाच्या काचेवर लावली आहेत.